मागे राहिलेला ढोल

फार फार मागची गोष्ट आहे. ढोलाला काठी लागत नसे, तेव्हाची.

त्या काळी एका राज्यात अशी रीत होती, की मूल जन्माला आलं की गावानं एक ढोल मढवायचा आणि गावाच्या मधोमध, मोठ्या चौथऱ्यावर नेऊन ठेवायचा. जितकी माणसं तितके ढोल. गावांची नावंही त्यावरूनच पडली होती: दोनढोली, अकराढोली, बाराढोली, एकोणीसढोली. कुणाला उगाच मोठेपणा मिरवायची सोय नव्हती. चौथऱ्यावर जाऊन मोजलं की सगळं उघड.

ऊन कललं की माणसं चौथऱ्याभोवती फेर धरत, आणि फेर धरला की ढोल आपोआप घुमू लागत. त्या घुमण्यानं नाचणाऱ्याचे पाय जमिनीशी बांधल्यासारखे होत. चौथऱ्याला लागून पहिल्या फेरात दोघंच उभी राहत. त्यामागच्या फेरात आठ. त्यापुढची माणसं तिसऱ्या फेरात, आणि तिथंही आठ भरली की चौथ्यात. हा नियम कुणी घातला ते मला विचारू नका. मलाही ठाऊक नाही, आणि तो मोडून पाहणारा अजून जन्माला यायचा आहे.

या राज्याच्या राजाला ना राणी होती ना मूलबाळ. राजवाड्यात तो एकटाच जेवायचा. त्याचा सगळा जीव राजनगरीच्या फेरात गुंतलेला. आपल्या फेरात कुठं जागा रिकामी दिसली की त्याला घास गोड लागत नसे, आणि मग तो दोरकऱ्याला बोलावणं पाठवी.

दोरकरी म्हणजे दोरानं माणूस ओढून आणणारा. गावच्या फेरातल्या एकाच्या कमरेला घोंगडीची घडी बांधायची, वरून दोर आवळायचा, दोराला बैलांच्या जोड्या जुंपायच्या आणि ढोलांच्या तावडीतून त्या माणसाला ओढून राजनगरीला आणायचं. काम काही गोड नव्हतं. पण राजाचं होतं, आणि राजाचं काम करणाऱ्याला गाव शिव्या देतं तेसुद्धा पाठीमागे.

त्या वेळचा दोरकरी तुळाजी. मूळचा बाराढोलीचा. वयानं पन्नाशीचा, अंगानं सडपातळ, आणि आपल्या अंदाजाचा त्याला मोठा अभिमान.

अंदाजाचं कारण असं. दोरकऱ्यानं निघण्याआधी भरल्या दरबारात आकडा बोलायचा, अमक्या गावचा माणूस इतक्या जोड्यांत सुटेल. बोलला तितक्याच जोड्या मिळत, वर एक वासरूसुद्धा नाही. याला ‘बोल’ म्हणत. आणि बोल चुकला, तर ज्याला बोल दिला त्याच्या फेरात बोलणाऱ्याच्या घरचं माणूस उभं करायचं. राजा असो वा रंक, ही रीत सगळ्यांना सारखी होती.

तुळाजीचा बोल तीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता, त्यामुळे रीतीचा हा दुसरा भाग लोक विसरूनच गेले होते. दोनढोली म्हणजे चिमुकलं गाव, दोन ढोल आणि दोन माणसं. तिथल्या एकासाठी तो पाच जोड्या बोलला, तेव्हा दरबार हसला होता. लागल्या मात्र पाचच. मूर्ती लहान पण कीर्ती महान, ते असं. उलट एकोणीसढोलीसारख्या मोठ्या गावाला तो एक जोडीही बोलला नाही. पुरते बैलही न झालेली दोन तरणी गोऱ्ही मागून घेतली आणि माणूस घेऊन आला.

असं का होतं, हे त्याला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला सांगताही आलं नसतं. प्रत्येक गावचा पहिला माणूस किती जोड्यांत सुटतो, ते आकडे त्याच्या बापानं त्याच्याकडून लहानपणी घोकून घेतले होते. कारण बापानं सांगितलं नाही, आणि त्यानं विचारलं नाही.

त्या वर्षी राजनगरीच्या तिसऱ्या फेरात सात माणसं होती आणि एक जागा मोकळी. तुळाजीनं अकराढोली सुचवली आणि एक जोडी बोलला. अकराढोलीचा अकरावा माणूस म्हणजे सोमा कुंभार. तिसऱ्या फेरात तो एकटाच असे. बैलांनी जरा ओढ दिली, तोच सोमा सुटला, आणि वाटेत त्यानं एकच चौकशी केली: तिथल्या फेरात सोबत असेल ना? सोबत होती. राजनगरीचा फेर भरला, राजानं गूळ वाटला.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण भरलेल्या ताटाकडे बघून ज्याला दुसरं ताट आठवतं, त्याचं काय करावं? महिन्याभरात राजाच्या मनात आलं की आता आपल्या नावानं चौथा फेर सुरू करावा. त्यानं तुळाजीला बोलावलं आणि अकराढोलीतून आणखी एक माणूस मागितला.

एका गावातून दुसरं माणूस काढायची वेळ तुळाजीवर उभ्या आयुष्यात एकदाच आली होती, आणि तीही त्याच्या स्वतःच्या गावात. बाराढोलीच्या तिसऱ्या फेरात दोघं होते, तो आणि त्याचा धाकटा भाऊ म्हाळू. बापामागून दोरकऱ्याचं काम, म्हणजे दोरकी, हाती आली तेव्हा तुळाजीला फेर सोडावा लागला. बापानंच त्याला दीड जोडीनं ओढून काढला होता. पुढे राजानं बाराढोलीतून आणखी एक मागितला, आणि तुळाजीनं सख्ख्या भावाला दोर बांधला. तीन जोड्या बोलला, तीनच लागल्या. त्याला अकरा वर्षं झाली होती. म्हाळू राजनगरीच्या फेरात उभा राहायचा आणि तुळाजी समोरून गेला तरी मान वर करत नसे.

ते दुखणं तुळाजीनं कुणाला दाखवलं नाही. आकडा मात्र लक्षात ठेवला. पहिल्याला दीड, दुसऱ्याला तीन. म्हणजे दुप्पट. अकराढोलीच्या पहिल्याला एक लागली, तर दुसऱ्याला दोन. शितावरून भाताची परीक्षा करतात, पण शीत आणि भात एकाच भांड्यातले असावे लागतात. तुळाजीनं तेवढं पाहिलं नाही. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

“दोन जोड्या,” तो बोलला.

राजानं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग हसत, सहज विचारावं तसं विचारलं, “तुझ्या घरी कोण असतं रे, तुळाजी?”

“लेक आहे महाराज. गिरजा. बाराढोलीच्या फेरात असते.”

“बरं. परवा दिवस मावळायच्या आत माणूस आण. नाहीतर माझा चौथा फेर तिच्यापासून सुरू करू.”

विसरलेली रीत राजाला बरोबर आठवत होती. तुळाजीला तेव्हा भीती वाटली नाही. तीस वर्षांत न चुकलेला माणूस भीतीला ओळखत नाही.

दोन जोड्या घेऊन तो अकराढोलीला पोचला तेव्हा तिसरा प्रहर सुरू झाला होता. फेर उभा होता. तिसऱ्या फेराची जागा रिकामी, तिथं नुसती सोमाच्या पायांनी गुळगुळीत झालेली माती. दुसऱ्या फेरात आठ जण हातात हात घालून होते. तुळाजीनं त्यांतला सर्वांत हडकुळा निवडला, एक शिंपी, फुंकर मारली तर उडेल असा. त्याच्या कमरेला दोर आवळला आणि बैलांना हाक दिली.

दोर ताणला. बैलांचे खूर मातीत रुतले, जू कुरकुरलं. शिंपी जागचा हलला नाही.

तुळाजीनं बैल मागे घेतले, पाणी पाजलं, पुन्हा जुंपले. ढोल घुमतच होते. या वेळी बैलांच्या तोंडाला फेस आला. शिंप्यानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यालाच त्यांची कीव आली. तो म्हणाला की जनावरांना जरा सावलीत बांधा, मी काही पळून जात नाही.

तिसऱ्या खेपेला दोराचा एक पीळ तट्‌कन तुटला आणि ढवळा बैल गुडघ्यावर आला. तुळाजीनं आभाळाकडे पाहिलं. सूर्य हातभर खाली आला होता. राजनगरी इथून दिवसभराच्या वाटेवर. म्हणजे आज माणूस सुटला नाही तर उद्या मावळतीला तो रिकाम्या हातानं दरबारात उभा असणार. तेव्हा कुठं त्याला भीती कळली. गिरजाचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

चौथऱ्याच्या पायरीशी ढोल राखणारी म्हातारी बसली होती. ढोलांची कातडी पानं ओढून घट्ट करणं, उंदरांपासून जपणं, हे तिचं काम. ती सगळं पाहत होती. तिनं तुळाजीला हाक मारली.

“दोरकऱ्या, सोमा जिथं उभा राहायचा तिथं जरा उभा राहा बघू.”

तुळाजीला राग आला, पण करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. तो त्या गुळगुळीत मातीवर जाऊन उभा राहिला. ढोल दूर होते, आणि मध्ये दहा माणसांची पाठ. शेजारच्या घरी कुणी दळत असावं, इतपतच घुमणं त्याच्यापर्यंत आलं. त्यानं पाय उचलला. सहज उचलला गेला.

म्हातारी म्हणाली, आता आत ये. शिंप्यानं त्याला फेरात न घेता, हात न धरता, घडीभर नुसतं शेजारी उभं राहू दिलं. आणि तुळाजीच्या छातीत धडधड सुरू झाली. चौथरा जवळ आला होता, मध्ये फक्त दोन माणसं होती, आणि ढोलांचा घोष सरळ अंगावर येत होता. त्यानं पाय उचलायचा प्रयत्न केला. पाय उचलेना. कुणाचा हात धरलेला नव्हता, म्हणून दोन जोड्यांनी त्याला कसंबसं बाहेर काढलं.

“आता ढोल मोज,” म्हातारी म्हणाली.

त्यानं मोजले. अकरा.

“आणि माणसं?”

“दहा.”

“सोमाला नेलास. त्याचा ढोल नेलास का?”

ढोल कुणी नेत नसे. ढोल गावाचा.

“तो मागे राहिला बाबा,” म्हातारी म्हणाली. “आधी अकरा ढोल अकरा जणांना धरायचे. आता अकरा ढोल दहा जणांना धरतात. त्यात सोमा लांब होता, मध्ये माणसांची आडकाठी होती, सोबतीला कुणी नव्हतं. म्हणून तो एका जोडीत गेला. हे आठ जण जवळचे आहेत, आणि त्यांचा फेर भरलेला आहे. तुला नऊ जोड्या लागतील.”

तुळाजी म्हातारीशेजारी पायरीवर बसला. बापानं घोकून घेतलेल्या आकड्यांचा अर्थ त्याला त्या पायरीवर, पन्नाशीत कळत होता. दोनढोलीचे दोघं चौथऱ्याला खेटून उभे असतात, मध्ये कुणीच नाही, म्हणून पाच जोड्या. एकोणीसढोलीचा बिचारा चौथ्या फेरात, अठरा पाठींच्या मागे, म्हणून दोन गोऱ्ही. आणि म्हाळू त्याच्याच फेरात, त्याच्याच शेजारी होता, म्हणून नुसतं दुप्पट. अकराढोलीत मात्र पहिल्या माणसाबरोबर अख्खा फेरच संपला होता. दुसऱ्यासाठी आतल्या फेराला हात घालावा लागत होता.

जरा वेळानं त्यानं खालच्या आवाजात विचारलं की आजी, बाराढोलीतून दोघं गेले आहेत, तर तिसरं माणूस काढायला किती लागतील?

म्हातारीनं बोटं मोजली. “तिथं बारा ढोल आणि दहाच माणसं. दोन ढोल मागे राहिलेत. सोळा. सोळाला एक जोडी कमी पडली तरी सुटायचं नाही.”

परतीच्या वाटेवर तुळाजीच्या डोक्यात एकच आकडा फिरत होता. राजाच्या गोठ्यात वीस जोड्या होत्या. सोळा लागतात हे राजाला कळलं, तर तो सोळाही जुंपील. नाही कळलं तर गिरजा वाचेल. म्हणजे गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं. लेकीसाठी बापानं तोंड मिटून घेतलं तर कोण त्याला नावं ठेवील?

दुसऱ्या दिवशी मावळतीला तो दरबारात उभा राहिला. दोन जोड्यांपैकी एक बैल लंगडत होता. राजानं बैलाकडे पाहिलं, मग दोरकऱ्याच्या मागच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि सांगितलं की उद्या आपण स्वतः बाराढोलीला येणार.

ज्याचा बोल चुकला त्याचा बोल संपला, अशीही रीत होती. म्हणजे गिरजासाठी आकडा कुणी दुसऱ्यानंच बोलायला हवा होता. प्रधानाला विचारलं, तर त्यानं आपल्या घरी सहा माणसं आहेत, एवढंच सांगून मान खाली घातली. शहाणा माणूस. मग राजा म्हणाला की मीच बोलेन, आणि तिथं फेरासमोर बोलेन.

बाराढोलीला अख्खं गाव फेरात होतं. दहाच माणसं ती, पण हात असे घट्ट धरलेले, की मध्ये बोट शिरू नये. गिरजा दुसऱ्या फेरात होती. वीस वर्षांची, बापासारखीच सडपातळ. बापाला दोर घेऊन येताना पाहून तिनं फक्त पदर कमरेला नीट खोचला, दोर बसायला जागा व्हावी म्हणून. ते पाहून तुळाजीला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

दोराची गाठ दोरकऱ्याशिवाय कुणाला येत नसे. म्हणजे लेकीला दोर बांधायचं त्याच्याच नशिबी आलं. गाठ जरा सैल ठेवली असती तर दोर निसटला असता आणि कुणाला कळलंही नसतं. त्यानं घोंगडीची घडी ठेवली, दोर गुंडाळला, आणि त्याला आठवलं की म्हाळूच्या कमरेलाही त्यानं हीच गाठ मारली होती, आणि ती सैल ठेवली नव्हती. त्यानं गाठ आवळली.

राजा घोड्यावरून बोलला, “पहिला दीड जोडीत सुटला, दुसरा तीन जोड्यांत. पोरीला साडेचार पुरे. पण बाराढोलीला आणि या दोरकऱ्याला माझा बोल पाचाचा. पाच जोड्या.”

झालं. आकडा चुकला होता. आता गप्प राहिलं की काम फत्ते. पण तुळाजीच्या मनात भाऊ उभा राहिला. भावाला ओढताना मी खरा आकडा बोललो आणि लेकीच्या वेळी गिळून टाकला, तर त्या अकरा वर्षांचं काय उत्तर द्यायचं? भावाला दिलेलं दुःख मग नुसती दुष्टाई ठरते. शिवाय समोरचा माणूस, राजा झाला म्हणून काय, त्याच खड्ड्यात पाय टाकत होता ज्यात तुळाजी स्वतः परवा पडला होता.

तो पुढे झाला.

“महाराज, पाचात होणार नाही. सोळा लागतील. अजून जुंपलं नाही, बोल बदलता येतो.”

बाराढोलीची माणसं त्याच्याकडे बघतच राहिली. गिरजानंही पाहिलं. कुणी बाप असा असतो का, असं त्या नजरेत होतं की आणखी काही, ते तुळाजीला कळलं नाही, कारण त्यानं मान खाली घातली होती.

राजा मोठ्यानं हसला. “सोळा? माझ्या वाड्याचा बुरूज उचलायचा आहे का? लेक जड झाली रे तुला. आकडा फुगवून मला घाबरवतोस होय? पाच म्हणजे पाच.”

खरं बोललेलं ऐकायलाही मन मोकळं लागतं. राजाचं मन तर चौथ्या फेरानं भरून गेलेलं होतं.

पाच जोड्या जुंपल्या. दहा बैल, राजाच्या गोठ्यातले, पोसलेले. हाक पडली आणि दोर ताणला. बारा ढोल एकदम घुमले. गिरजाचं अंग मागे ओढलं गेलं, तिच्या टाचेखालची धूळ हलली, आणि तुळाजी वाकून त्या टाचेकडे पाहू लागला. म्हातारीनं बोटं चुकीची मोजली असतील तर? ती टाच बोटभर सरकली होती का नव्हती? त्यानं डोळे मिटले नाहीत. जे केलं ते बघायलाच हवं होतं.

टाच तिथंच राहिली.

राजानं बैल बदलायला लावले. उजवीकडून ओढलं, डावीकडून ओढलं. शेवटी तो स्वतः घोड्यावरून उतरला आणि पराणी हातात घेऊन बैलांच्या मागे लागला. त्याची पगडी सुटली, कपाळावरून घाम वाहू लागला. ढोल घुमत राहिले, बारा ढोल आणि दहा माणसं. गिरजाच्या शेजारणीनं तिचा हात धरला होता, तिच्या शेजाऱ्यानं तिचा, आणि त्या भरलेल्या फेराला कुठूनच तोंड सापडेना. सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकला, मग झाडांमागे गेला.

तुळाजी लेकीच्या कमरेचा दोर सोडायला गेला, तेव्हा ओढीनं घट्ट बसलेली गाठ तिनंच उकलून दिली.

मग सगळे राजाकडे पाहू लागले. अख्खं राज्य बोललेल्या शब्दावर उभं होतं, हे राजालाही ठाऊक होतं. परवाच त्यानं ते एका बापाला ऐकवलं होतं. प्रधान खाकरला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, “महाराज, बोल बाराढोलीला दिला होता. आपल्या घरी... आपल्याशिवाय कुणी नाही.”

राजानं मागे वळून पाहिलं. त्याची माणसं भाले घेऊन मागे होती, आणि एक खूण केली असती तर रीत, बोल, बाराढोली, सगळं तिथंच संपलं असतं. तुळाजी गिरजाच्या पुढे जाऊन उभा राहिला. शेवटी राजानं पराणी खाली ठेवली, पायातले जोडे काढले आणि तिसऱ्या फेराच्या रिकाम्या जागेवर जाऊन एकटा उभा राहिला. एके काळी तुळाजी जिथं असायचा, तिथंच.

तिथं ढोल फार थोडे ऐकू येत. समोर दहा पाठी आणि बाजूला कुणी नाही. रोज ऊन कललं की राजा कान देऊन उभा राहायचा. जन्मभर त्यानं माणसं लांबून आणवली होती. लांबच्या माणसाला काय ऐकू येतं, हे त्याला आता समजलं. आठव्या दिवशी त्यानं प्रधानाला निरोप धाडला की दोरकी आजपासून बंद, आणि ओढून आणलेल्यांपैकी ज्याला परत जायचं असेल त्यानं जावं.

सोमा कुंभार गेला नाही. त्याला राजनगरीत सोबत मिळाली होती. म्हाळू मात्र दुसऱ्याच दिवशी बाराढोलीत आला. तो तिसऱ्या फेरात राजाच्या शेजारी उभा राहिला, आणि अकरा वर्षं दहाच माणसांना जखडून बसलेल्या ढोलांचा ताण एकदम सैलावला. आतल्या फेरातल्या म्हाताऱ्यांनी कित्येक वर्षांनी पाय मोकळे झटकले. गावानं राजाला सांगितलं की बोल फिटला, आता जा. तो गेला, आणि जाताना तुळाजीपुढे थांबला. काहीतरी म्हणावं असं त्याच्या मनात होतं, पण राजांना त्याची सवय नसते.

राजानं सोडलेल्या जागी तुळाजी उभा राहायला आला. म्हाळूनं पहिल्यांदाच मान वर केली.

“दोर कुठाय?” त्यानं विचारलं.

“विहिरीला लावला. पोहऱ्याला.”

“बरं केलंस, दादा,” म्हाळू म्हणाला आणि त्यानं हात पुढे केला. तुळाजीनं तो धरला. बारा ढोल होते आणि आता माणसंही बारा होती.

लहानथोरांनो, ध्यानात एवढंच ठेवा: पहिलं माणूस सहज सुटलं म्हणून दुसरंही सुटेल असं कधी बोलू नये, कारण जितकं ओढून न्यावं तितकं उरलेलं घट्ट होतं.